लिंपलेले दार

महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी, भरदुपारी, माझा भागीदार गावी गेलेला असताना, त्याने लिंपून बंद केलेले केळीच्या वखारीचे दार मी फोडले. आत काहीही गैर सापडले नाही. मी ते दार पुन्हा लिंपले, आणि माझ्या त्या करणीने जो माल बिघडला त्याचा दोष त्याच्यावर जाऊ दिला. ही गोष्ट मी इतकी वर्षे माझ्या पत्नीलाही सांगितली नव्हती.

यंदा चैत्रात त्या भागीदाराचा मोठा मुलगा धुळ्याला माझ्याकडे आला. जळगावात केळी पिकवण्याची स्वतःची वखार काढण्याचा त्याचा विचार होता. अंगात इस्त्रीचा सदरा, बोलणे शहरी. चहा झाल्यावर त्याने मला विचारले, ‘‘काका, हल्लीच्या दिवसांत छोटा धंदा करायचा म्हणजे माणसाजवळ काय पाहिजे?’’ भांडवल, मोक्याची जागा, गोड जीभ, पहाटे उठण्याची सवय, अशी नेहमीची उत्तरे मी दिली. तो मान डोलवीत होता. मनातून मात्र मी वेगळाच हिशेब करीत होतो. याला बापाने पाठवले असेल काय? त्याला काही कळले असेल काय? तेवीस-चोवीस वर्षांच्या त्या सरळ मुलाकडेही मी संशयाने पाहत होतो. माझी ही खोड जुनी आहे. ती कुठून आली ते आधी सांगितले पाहिजे.

लढाईच्या काळात आणि पुढेही काही वर्षे कापडावर कंट्रोल होते. मी तेव्हा धुळ्यात एका कापडदुकानात नोकरीला होतो. समोर उभे असलेले गिऱ्हाईक खरे गिऱ्हाईक आहे की कुणाचा खबऱ्या आहे, शेजारचा कारकून ताग्यातून वारभर कापड लांबवतो की काय, हे ओळखणे हेच माझे मुख्य काम होते. मालक माझी पाठ थोपटीत, ‘‘तुझी नजर चांगली आहे’’ म्हणत. चाळिशी जवळ आली तेव्हा, देश स्वतंत्र झाल्याच्या पुढच्या वर्षी, मी ती नोकरी सोडली आणि स्वतःचा धंदा सुरू केला. नजर मात्र तीच राहिली.

धंदा केळीचा होता. माल जळगावच्या बाजूचा. असोद्याचे एक शेतकरी गृहस्थ माझ्या ओळखीचे झाले होते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, हाडापेराने मोठे, बोलणे थोडे. त्यांना सगळे नाना म्हणत, मीही म्हणू लागलो. जागा आणि भांडवल माझे. मळ्यांतून घड निवडून आणणे आणि ते पिकवणे हे नानांचे. केळी पिकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. धुळ्यात पांझरा नदीच्या अंगाला आम्ही एक जुनी, जाड भिंतींची खोली भाड्याने घेतली आणि तिची वखार केली.

पिकवण्याची रीत अशी होती. जमिनीवर केळीची वाळली पाने अंथरायची, त्यांवर हिरवे घड एकावर एक रचायचे. एका कोपऱ्यात मडके ठेवून त्यात गोवऱ्यांचा विस्तव करायचा. तो पेटता कामा नये, नुसता धुमसला पाहिजे. मग दार लावून त्याच्या साऱ्या फटी शेणमातीने लिंपून टाकायच्या. आतल्या धुराने आणि उबेने केळी पिकायला लागते. उन्हाळ्यात दार लवकर उघडते, थंडीत दोन रात्री थांबावे लागते. तोवर आत काय चालले आहे ते कोणालाही दिसत नाही. लिंपण झाले की नाना ओल्या मातीवर आपला उजवा पंजा उमटवीत. त्यांच्या वडिलांची ती सवय होती म्हणे. एकदा मी विचारले, ‘‘नाना, मधेच जरासे उघडून पाहिले तर?’’

‘‘दार लिंपलं का मंग तिकडे पाहू बी नका, शेठ,’’ ते म्हणाले. ‘‘पोटुशी बाईले कोनी घडीघडी इचारते का, झालं का, झालं का म्हनून?’’

मी हसलो. परंतु जे दार उघडायचे नाही त्याच्याआड काय असेल, हा विचार माझ्या डोक्यात त्या दिवसापासून घर करून बसला.

पहिली दोन वर्षे धंदा चांगला चालला. आमच्या केळीचा पिवळा रंग एकसारखा असे, देठ घट्ट असे. टोपल्या घेऊन येणाऱ्या विक्रेत्या बाया आधी आमच्या दारी येत आणि मग दुसरीकडे जात. मला त्याचा आनंद व्हायचा, आणि त्याच वेळी डोळ्यांत सलायचेही. माल पसंत करणारे नाना, दार लिंपणारे नाना, उघडणारेही नाना. मी गल्ल्यावर बसलेला असे. ट्रकचा ड्रायव्हर त्यांच्याच बाजूचा होता. ते दोघे आपल्या बोलीत भराभर बोलत आणि हसत, तेव्हा ते मलाच हसत आहेत असे मला वाटे. एरवी ती बोली मला नीट समजत होती. माझ्याकडे पाठ करून बोलली की समजेनाशी होई.

वखारीसमोर एक चहाचे दुकान होते. त्याच्या मालकाला दुसऱ्याच्या घरात काडी टाकण्याची फार हौस. एके सकाळी तो कपबशी माझ्यापुढे ठेवत म्हणाला, ‘‘शेठ, एक विचारू? राग मानू नका. तुमचे नाना दर खेपेला पोतं पाठीवर टाकून नदीकडे कुठं जातात हो?’’

‘‘कसलं पोतं?’’

‘‘ते मी कसं सांगू? भागीदार तुमचा. मी आपला चहा विकतो.’’ आणि फडके खांद्यावर टाकून तो आत गेला.

मी पुढच्या खेपेपासून पाळत ठेवली. खरोखरच नाना एक फुगलेले पोते घेऊन नदीकडे जात आणि रिकाम्या हाताने परत येत. ‘नाना, काय नेता?’ हा एवढासा प्रश्न मी विचारला नाही. विचारला असता तर उत्तर मिळाले असते आणि माझा संशय संपला असता. मला तो संपायला नको होता, असे आज वाटते. त्यानंतर प्रत्येक गोष्ट मला पुरावा वाटू लागली. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पोळ्याला नवे लुगडे घेतले. नानांनी गावी ओटा बांधला. बाजारात एका अनोळखी बाईच्या टोपलीत मला आमच्यासारखीच केळी दिसली. पत्नी एकदा म्हणाली, ‘‘तुम्ही हल्ली जेवताना ताटाकडे बघत नाही, दाराकडे बघता.’’

मग ती महाशिवरात्र आली. उपासाच्या दिवशी केळीला मोठी मागणी, म्हणून वखार छतापर्यंत भरली होती. संध्याकाळी नानांनी दार लिंपले, पंजा उमटवला आणि हात धूत म्हणाले, ‘‘आई बिमार हाये, शेठ. गावाले जाऊन येतो. परवा सकाळी दार उघडाले हाजर राहीन. तुमी फक्त कुत्र्याबकऱ्याले माती खरडू देऊ नका.’’

माघाची थंडी होती. त्या रात्री मला झोप नव्हती. सगळी वखार भरली असे नाना म्हणाले, पण पुढची रांग तेवढी भरून मागे पोकळी ठेवली असेल तर? मागचे घड दुसरीकडेच उतरवले असतील तर? आई आजारी आहे हे तरी खरे कशावरून? दुसऱ्या दिवशी दुपारी हमाल जेवायला गेले, चहावाला डुलक्या घेत होता. मी खुरपे घेतले आणि नानांचा पंजा खरवडून काढला.

दार उघडताच कोंडलेला धूर माझ्या तोंडावर आला. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मागपर्यंत दिसावे म्हणून मी दार सताड उघडे ठेवले. पुढचे घड उचलून बाजूला केले, मधले केले, भिंतीला हात लागेपर्यंत आत गेलो. घड होते. भिंतीपर्यंत, कोपऱ्यापर्यंत, छतापर्यंत सगळे घड होते. इतके नीट रचलेले की त्यांच्यामध्ये माझा हात शिरायला जागा नव्हती. खाली नवी कोरी पाने अंथरलेली होती, आणि जुनी, बुरशीचा वास येणारी पाने दाराशी एका पोत्यात भरून ठेवलेली होती, नदीवर टाकण्यासाठी; नाना पाठीवरून नेत ते पोते हेच.

मला आनंद व्हायला हवा होता. खरे सांगतो, मला निराशा वाटली. एवढे दिवस जपलेली वस्तू कोणी हातातून काढून घ्यावी, तसे झाले.

मग भीती वाटली. थंड वारा आत भरला होता, धूर निघून गेला होता. मडक्यातला विस्तव वाऱ्याने लाल झाला होता. गेलेली ऊब आता कशी भरून काढायची? नाना किती गोवऱ्या घालतात हे मी इतक्या दिवसांत एकदाही पाहिले नव्हते. पाहत होतो ते त्यांची पाठ आणि त्यांचे पोते. मी अंदाजाने गोवऱ्या मडक्यात कोंबल्या, धूर पुरेसा वाटेना म्हणून आणखी कोंबल्या, घड कसेबसे रचले, दार ओढले आणि शेणमाती कालवून फटी बुजवल्या. शेवटी ओल्या मातीवर माझा पंजा उमटवला. तो नानांच्या पंजापेक्षा बोटाच्या पेराएवढा लहान दिसत होता. मी त्याच्या बोटांच्या कडा काडीने कोरून रुंद केल्या.

ठरल्या दिवशी नाना सकाळच्या गाडीने येणार होते. ते येण्याआधीच मी दाराची माती फोडून ठेवली. त्यांनी पंजा पाहू नये, एवढाच हेतू. ते आले तेव्हा म्हणालो, ‘‘तुम्ही प्रवासाने दमला असाल, म्हणून मीच सुरुवात केली.’’ त्यांचा चेहरा उजळला. ‘‘आईले उतार पडला, शेठ,’’ ते म्हणाले, आणि दार ओढले.

दाराजवळची केळी हिरवीच राहिली होती आणि आतून मऊ पडली होती. मडक्याच्या बाजूची काळी पडून शिजली होती. मधल्या थोड्याशा घडांना काय तो रंग होता. टोपल्या घेऊन बाया दारात उभ्याच होत्या. पहिल्या बाईने एक केळे उचलले, दाबले, आणि तिची बोटे सालीतून आत गेली.

‘‘अरे देवा! हाई काय शे, नाना? बठ्ठी काळी पडी गयी!’’ सगळीच केळी काळी पडली म्हणून ती ओरडली. ‘‘आते उपासले लोकेसले काय देऊ मी, तुनं डोकं?’’

बाया हसल्या आणि टोपल्या उचलून दुसऱ्या वखारीकडे चालू लागल्या. चहावाला रस्ता ओलांडून आला, आत डोकावला आणि म्हणाला, ‘‘काय नाना, केळी पिकवली का भाजली? थोडं तिखटमीठ टाका, मी माझ्या दुकानात भजी म्हणून विकतो!’’

नाना कोपऱ्यात जाऊन मडक्यापाशी उकिडवे बसले, बोटांनी राख चाळवली आणि पुष्कळ वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, ‘‘शेठ, राख लई हाये. एवढ्या गोवऱ्या मी कव्हा घातल्या?’’

त्या क्षणी मी खरे बोलू शकलो असतो. निदान गप्प तरी बसू शकलो असतो. मी अत्यंत सौम्य आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, ‘‘असू द्या नाना. आई आजारी, मन ठिकाणावर नसणार. घाईघाईत घातल्या असतील. पुढच्या वेळी जपा म्हणजे झाले.’’

आजूबाजूचे लोक म्हणाले, शेठ मनाचा मोठा माणूस. नानांनी मान खाली घातली आणि म्हणाले, ‘‘व्हय. माझंच चुकलं.’’

एका खेपेचा माल गेला. धंद्यात असे होते, धंदा त्यातून सावरतो. नाना सावरले नाहीत. पुढच्या खेपेला गोवऱ्या घालताना त्यांनी मला बोलावले. ‘‘शेठ, तुमी बी पहा बरं, एवढ्याच घातल्या ना?’’ ते विचारू लागले. दार लिंपून झाले की त्यांना शंका येई, रात्र उलटायच्या आत ते लिंपण काढून आत डोकावत, एखादी गोवरी बाहेर काढत, पुन्हा घालत. ज्याने मला दाराकडे पाहूही नका म्हणून सांगितले होते तोच आता दारापुढे बसून राही. माल आणखी बिघडू लागला. चहावाल्याने त्यांना ‘भाजे नाना’ असे नाव पाडले आणि ते साऱ्या पेठेत पसरले. एक दिवस नाना मातीने हात भरलेले असतानाच थांबले. लिंपण अर्धे झाले होते. ‘‘नाई जमत, शेठ,’’ ते म्हणाले. ‘‘हातावर इस्वास नाई राह्यला.’’ त्यांनी पंजा उमटवला नाही. त्या उन्हाळ्यात ते आपला वाटा घेऊन असोद्याला परतले.

मी दुसरा पिकवणारा ठेवला, मग तिसरा. धंदा चालू राहिला. यशस्वी व्यापारी म्हणून माझे नाव झाले. परंतु प्रत्येक नव्या माणसाच्या पाठीकडे मी त्याच जुन्या नजरेने पाहत असे, आणि आता त्या नजरेत आणखी एक भीती मिसळली होती: मी एकाच्या बाबतीत जे केले ते कोणीतरी माझ्या बाबतीत करील.

म्हणून तो मुलगा समोर बसला तेव्हा मी सावध होतो. उठता उठता त्याने येण्याचे खरे कारण सांगितले. ‘‘वखार मी काढतोय खरी, काका, पण आबा, म्हणजे तुमचे नाना, मला पिकवायला शिकवत नाहीत. म्हणतात, माझा हात बिघडलेला हाये, तुले बी बिघाडीन. तू धुळ्याच्या शेठकडे जा, शेठ शिकवतील.’’

मी त्याला थांबवून घेतले, आणि दुसऱ्या सकाळच्या गाडीने आम्ही दोघे असोद्याला निघालो.

पारोळा, एरंडोल मागे पडत गेले तसतसा मी मनात वाक्ये जुळवीत होतो. नानांना एकटे गाठावे, बाजूला घेऊन सांगावे, असे मी ठरवले होते. पण मी पोचलो तेव्हा ओटा माणसांनी भरला होता. मुलाच्या वखारीची बातमी गावात पसरली होती आणि शेजारीपाजारी चहाला जमले होते. नाना भिंतीला टेकून बसले होते. केस पार पांढरे झाले होते. मला पाहून ते उठायला लागले. मी त्यांना बसवले.

‘‘पहा शेठ, पोरगा नाई आयकत,’’ ते म्हणाले. ‘‘मी म्हनतो, नोकरी धर. तर म्हनतो, वखार. आता तुमीच शिकवा त्याले.’’

अक्का दारातून म्हणाल्या, ‘‘तुमीच काहाले नाई शिकवत? सगळ्या गावाच्या केळी पिकवत होते.’’

‘‘भाजत होते म्हन!’’ शेजारचा एक जण म्हणाला, आणि ओट्यावर हशा पिकला. धुळ्याचे ते नाव इथवर आले होते. नानाही हसले. हसताना त्यांनी दोन्ही हात मांडीखाली सरकवले. ते मला दिसले.

‘‘मले अजून वाटे शेठ,’’ हसणे थांबल्यावर ते माझ्याकडे झुकून म्हणाले, ‘‘का मी मोजूनच टाकल्या होत्या. पन राख तं समोर होती. डोयानं पाह्यलेलं कसं नाकारू?’’

बाजूला घेऊन सांगण्याचा माझा बेत तिथेच मोडला. त्यांचा अपमान चार माणसांत झाला होता आणि अजून चार माणसांत चालू होता. मी बोललो, पण माझा आवाज मुळातच बारीक. पलीकडे बसलेल्या, कानाने अधू असलेल्या एका म्हाताऱ्याने हात कानामागे धरला. ‘‘काय म्हनतात शेठ? मले आयकू नाई आलं.’’

‘‘मोठ्यानं बोला, शेठ,’’ कोणीतरी म्हणाले.

नानांच्या चेहऱ्यावरून मला दिसले की त्यांनी ऐकले होते. तरीही मी उभा राहिलो, आणि जन्मात कधी बोललो नसेन एवढ्या मोठ्याने म्हणालो:

‘‘नाना, त्या जास्तीच्या गोवऱ्या मी घातल्या होत्या. तुम्ही आईला भेटायला इकडे आलात, आणि तुम्ही माल पळवता असा संशय घेऊन मी तुमचं लिंपलेलं दार फोडलं. आत सगळं जागच्या जागी होतं. माल मी बिघडवला, आणि दोष तुम्हाला लावला. तुमचा हात त्या दिवशी चुकला नव्हता, नाना. कधीच चुकला नव्हता. मी तुमचा अपराधी आहे. मला क्षमा करा.’’